संप पाच तारखेला होता, हुकूमशाही चारला आली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपवर तुमचा जो पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला, लेख चांगलाच आहे, जर्मनी, इटली, स्पेन सगळं नीट समजावून सांगितलंय, पण खाली कोपऱ्यात ग्रीसवर जी छोटी चौकट टाकलीय ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. चौकटीत म्हटलंय की १९३६ साली कम्युनिस्टांच्या संपामुळे ग्रीसमध्ये जनरल मेटाक्सासची हुकूमशाही आली. बस्स, तेवढ्यात विषय संपवला. संपादकसाहेब, हे तर मेटाक्सासचं स्वतःचं म्हणणं झालं. सत्ता हातात घेतली त्या रात्री त्याने जे कारण पुढे केलं तेच आपण इतक्या वर्षांनी मराठीत जसंच्या तसं छापतोय, आणि वाचणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते खरं वाटणार.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. मरीन इंजिनिअर म्हणून सव्वीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली अकरा ग्रीक मालकांच्या बोटींवर, आता रत्नागिरीत घरी असतो. आपल्या कोकणातल्या किती घरांतली माणसं ग्रीक बोटींवर गेली असतील त्याला गणतीच नाही, पण ग्रीस म्हटलं की आपल्याकडे सॉक्रेटिस आणि सिकंदर, त्याच्यापुढे कोणी जात नाही. मी पण गेलो नसतो. मला त्यात ओढलं माझ्या एका चीफने, म्हणजे बोटीवरच्या चीफ इंजिनिअरने. पिरियसचा, म्हणजे अथेन्सच्या बंदराचा माणूस, संध्याकाळी काम आटपलं की कॉफी घेऊन कंट्रोल रूममध्ये येऊन बसायचा आणि आपल्या घरातल्या गोष्टी सांगायचा, त्याच्या आईकडचे सगळे वेनिझेलोस ह्या पुढाऱ्याच्या बाजूचे, वेनिझेलोसवाले, वडिलांकडचे सगळे राजावाले, आणि ही दोन नावं तो ज्या आवाजात घ्यायचा त्यावरूनच मला कळायचं की प्रकरण साध्या मतभेदाचं नाही.

एकदा त्याने केबिनमध्ये बोलवून मला प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली एक अर्धी नोट दाखवली. फाटलेली नव्हे, कात्रीने मधोमध कापलेली, एका ठिकाणी कात्री जरा वाकडी गेलेली पण दिसत होती. त्यावर एका वयस्क माणसाचं चित्र, चीफ म्हणाला हा स्टाव्रोस, आमच्या नॅशनल बँकेचा संस्थापक. मला वाटलं भावाभावांच्या वाटणीत कोणीतरी रागाने कापली असेल. तर नाही, सरकारनेच कापायला लावली होती. १९२२ चा वसंत ऋतू, ग्रीक सैन्य तुर्कस्तानात आत जाऊन अडकून पडलेलं, तिजोरीत खडखडाट, बाहेरचं कोणी कर्ज देईना, तेव्हा प्रोटोपापाडाकिस नावाच्या अर्थमंत्र्याने कायदा केला की लोकांनी जवळच्या नोटा मधून कापायच्या, डावा तुकडा निम्म्या किमतीला बाजारात चालेल आणि उजवा तुकडा, ज्याच्यावर मुकुट होता, तो सरकारला द्यायचा नि त्याच्या बदल्यात सरकारी रोखे घ्यायचे. म्हणजे सक्तीचं कर्ज, तेही प्रत्येकाच्या खिशात कात्री घालून. चीफचे आजोबा पेलोपोनीजमध्ये मनुकांचे छोटे व्यापारी होते, कट्टर राजावाले, आणि नोटा कापणारं सरकारसुद्धा राजावाल्यांचंच, तरी आजोबा म्हणे कात्री हातात धरून कितीतरी वेळ नुसते बसून होते. सगळ्या कापल्या. एक डावा तुकडा मात्र खर्च न करता ट्रंकेत ठेवून दिला, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि सात-आठ महिन्यांनी तो प्रोटोपापाडाकिस स्वतः गोळ्या खाऊन मेला, तुर्कांच्या नाही, ग्रीक सैनिकांच्याच.

माझं म्हणणं हे आहे की ग्रीसमधली लोकशाही १९३६ च्या ऑगस्टमध्ये संपली नाही, तिला खरा घाव बसला तो १९२२ च्या नोव्हेंबरात. तिथून पुढे चौदा वर्षं जो जो सत्तेवर आला त्याने मागच्याचा सूड घेतला, आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकांना इतक्या घाबरल्या की तिसराच येऊन बसला.

भांडणाचं मूळ पहिल्या महायुद्धातलं. एलेफ्थेरिओस वेनिझेलोस हा क्रीट बेटावरचा वकील, १९१० मध्ये पंतप्रधान झाला, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर देश जवळजवळ दुप्पट झाला, लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. मग महायुद्ध लागलं. वेनिझेलोसचं म्हणणं इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूने उतरायचं, राजा कॉन्स्टंटाईनचं म्हणणं तटस्थ राहायचं, त्याची राणी जर्मन कैसरची सख्खी बहीण त्यामुळे संशयाला जागा होतीच. राजाने निवडून आलेल्या पंतप्रधानाला १९१५ मध्ये एकदा नाही, दोनदा घालवलं. १९१६ मध्ये वेनिझेलोसने थेसालोनिकीत वेगळं सरकार मांडलं, एका देशात दोन सरकारं. त्या डिसेंबरात अथेन्समध्ये काय झालं माहित्येय, आर्चबिशपने वेनिझेलोसला जाहीर शाप दिला, धर्माचा शाप, आणि पहिला दगड स्वतः टाकला, मग लोकांनी रांगेने येऊन एकेक दगड टाकून ढीग रचला. चीफच्या आजोबांचा मोठा भाऊ त्या ढिगावर दगड टाकून आला होता आणि मरेपर्यंत ते अभिमानाने सांगायचा. आपल्या शेजारच्याने ज्याला मत दिलं त्याच्यावर तुम्ही देवाच्या नावाने दगड टाकलात, की उद्या त्या शेजाऱ्याला तोंड कसं दाखवणार हो?

१९१७ मध्ये फ्रेंच-इंग्रजांच्या दडपणाने राजा गेला, वेनिझेलोस अथेन्सला आला, आणि आता त्याच्या लोकांची पाळी. राजाच्या बाजूचे अधिकारी, न्यायाधीश, पाद्री सगळे घरी बसवले, तो आर्चबिशप पण काढला, पुढारी कॉर्सिकाला हद्दपार केले. त्या हद्दपार झालेल्यांत एक गुनारिस होता आणि एक मेटाक्सास, ही दोन्ही नावं लक्षात ठेवा. युद्ध जिंकलं, १९१९ च्या मे महिन्यात ग्रीक फौज स्मर्नाला उतरली, म्हणजे आजचं इझमिर, १९२० च्या ऑगस्टमध्ये सेव्हरचा तह झाला, कागदावर ग्रीस दोन खंडांचा देश झाला. तहानंतर दोनच दिवसांनी पॅरिसच्या स्टेशनवर दोन राजावाल्या अधिकाऱ्यांनी वेनिझेलोसवर गोळ्या झाडल्या, तो वाचला, पण बातमी अथेन्सला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या लोकांनी ड्रागूमिस नावाच्या विरोधी नेत्याला भर रस्त्यात मारलं. ऑक्टोबरात नवा तरुण राजा अलेक्झांडर पाळीव माकड चावून गेला, खरंच, माकड चावून जखम चिघळली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत वेनिझेलोस आपटला, स्वतःची सीटसुद्धा गेली. लोक आठ वर्षांच्या लढायांना कंटाळले होते आणि राजावाल्यांनी पोरं घरी आणतो असं वचन दिलं होतं, पण सत्तेवर आल्यावर पोरं घरी आणली नाहीत, उलट अंकाराच्या दिशेने आणखी आत पाठवली, आणि वर तिथले अनुभवी वेनिझेलोसवाले अधिकारी काढून आपले भरले. लढाई चालू असताना! १९२१ मध्ये साकार्या नदीवर सैन्य अडलं, १९२२ च्या ऑगस्टअखेर मुस्तफा केमालच्या हल्ल्यात पार मोडलं, ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ स्मर्नात आलं आणि चार दिवसांनी शहर पेटलं.

चीफच्या आईची आई तेव्हा नऊ वर्षांची, स्मर्नाच्या धक्क्यावर होती. मागे आग, पुढे समुद्र, समुद्रात मोठमोठ्या देशांच्या लढाऊ बोटी उभ्या, आणि मधे हजारो माणसं. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांना बाजूला काढून आत मजुरीच्या तुकड्यांत नेलं, तिचा बाप त्यात गेला, परत आला नाही. ती, तिची आई आणि एक शिलाई मशीनचं डोकं, खालचा स्टँड नाही, नुसतं डोकं, एवढं पिरियसला उतरलं. ते डोकं चीफच्या मामेबहिणीकडे अजून आहे. पिरियसला उतरल्यावर पहिला शब्द काय ऐकला तर "तुर्कांचं बी". स्वतःच्या देशात आल्यावर, स्वतःच्या धर्माच्या माणसांकडून. १९२३ च्या जानेवारीत लोझानला करार झाला की तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला, सक्तीने, परत यायचं नाही, फक्त इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान सोडून. भाषा कोणी विचारली नाही, घरात तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला आले आणि ग्रीक सोडून दुसरं काही न येणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला गेले. १९२८ च्या जनगणनेत ६२ लाखांच्या ग्रीसमध्ये १२ लाखांवर निर्वासित होते, दर पाच माणसांत एक. अथेन्सच्या नाटक थिएटरात एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होतं.

इथे आपला पण संबंध येतो म्हणून सांगतो. खिलाफत चळवळीची मध्यवर्ती कमिटी आपल्या मुंबईतच होती, तुर्कस्तानच्या मदतीसाठी इथल्या मोहल्ल्यांतून पैसे गोळा झालेले आहेत, आणि पुढे १९४० च्या सुमारास बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना ह्याच ग्रीस-तुर्कस्तान-बल्गेरियाच्या अदलाबदलीचा दाखला दिला होता की बघा, अशी अदलाबदल होऊ शकते. तेव्हा हा इतिहास आपल्याला अगदी परका आहे असं समजून चौकटीत गुंडाळायची गरज नाही.

आता नोव्हेंबर १९२२. पराभवानंतर किऑस आणि लेस्बॉस बेटांवर पोचलेल्या फौजेने कर्नल प्लास्टिरास आणि गोनाटासच्या हाताखाली उठाव केला, अथेन्सला येऊन राजाला घालवलं, त्याच्या जागी मुलगा जॉर्ज. लोकांच्या डोक्यात आग होती, रस्त्यावर रोज नवीन निर्वासित उतरत होते, कोणालातरी जबाबदार धरा ही मागणी साहजिकच होती. पण जबाबदार धरणं वेगळं आणि देशद्रोही ठरवणं वेगळं. खास लष्करी कोर्ट बसवलं, आठ जणांवर देशद्रोहाचा खटला, पंधरा दिवसांत निकाल. दोघांना जन्मठेप, सहा जणांना मृत्युदंड. गुनारिस, प्रोटोपापाडाकिस, स्ट्राटोस, हे तिघे पंतप्रधान होऊन गेलेले. बाल्टाझिस, थिओटोकिस हे मंत्री. आणि हाजिआनेस्टिस, शेवटचा सरसेनापती. गुनारिसला टायफॉइड झालेला, खटला चालू असताना तापाने फणफणलेला, त्याला आजारातून उठवून आणलं. २८ नोव्हेंबरला सकाळी निकाल वाचला आणि काही तासांत अथेन्सच्या कडेला गुडीच्या मैदानात सहाही जणांना गोळ्या घातल्या. अपील नाही, काही नाही. इंग्लंडने निषेध म्हणून राजदूत परत बोलावला. राजाचा भाऊ प्रिन्स अँड्र्यू हा पण त्या लढाईत एका कोअरचा सेनापती होता, त्याला हद्दपारी मिळाली, इंग्रज क्रूझरवरून कुटुंब निघालं तेव्हा त्याचा दीड वर्षाचा मुलगा फळांच्या खोक्याच्या पाळण्यात होता, तोच पुढे इंग्लंडच्या राणीचा नवरा झाला.

ह्या सहा जणांनी चुका केल्या, भयंकर केल्या, त्या चुकांनी हजारो पोरं मेली. माझ्या चीफच्या आजीला बाप परत मिळाला नाही तो त्यांच्या पण चुकीने. पण त्यांनी देश शत्रूला विकला नव्हता, पुढे खुद्द वेनिझेलोसने लिहून दिलं की त्यांनी देशद्रोह केला असं उदारमतवादी पक्षाचे नेते मानत नाहीत. आणि २०१० मध्ये ग्रीसच्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षाच रद्द केली, प्रोटोपापाडाकिसच्या नातवाने अर्ज केला होता. ८८ वर्षांनी. मी ही बातमी बोटीवर असताना ऐकली, चीफला मेल केला, त्याने उत्तरात फक्त एवढंच लिहिलं की आजोबांना हे कळायला हवं होतं.

त्या सहा गोळीबारांनंतर ग्रीसमध्ये निवडणूक हरणं म्हणजे नुसतं हरणं राहिलं नाही, नोकरी जाणं, देश सुटणं, जीव जाणं झालं. मग कोण कशाला हरायला तयार होईल? १९२३ च्या ऑक्टोबरात राजावाल्यांनी उलटा उठाव केला, फसला, त्यात मेटाक्सास होता, पळाला. डिसेंबरच्या निवडणुकीवर राजावाल्यांचा बहिष्कार. १९२४ च्या मार्चमध्ये प्रजासत्ताक. आता कौल बघा. १९२० च्या सार्वमतात राजाला परत बोलावण्याच्या बाजूने ९९ टक्के, १९२४ मध्ये राजा नको म्हणून ७० टक्के, १९३५ मध्ये राजा परत हवा म्हणून जवळपास ९८ टक्के. तोच देश, तीच माणसं, पंधरा वर्षांत. असे आकडे येतात तेव्हा कौल लोकांचा नसतो, मतपेटीशेजारी उभ्या असलेल्या शिपायाचा असतो. १९३५ ला तर चिठ्ठ्या पण रंगीत होत्या, राजासाठी निळी, प्रजासत्ताकासाठी लाल, कोण काय टाकतो ते उघड दिसायचं.

मधल्या पांगालोसबद्दल मी फार लिहीत नाही, १९२५ च्या जूनमध्ये उठाव करून आला, बल्गेरियाच्या हद्दीवर एक चकमक झाली म्हणून सरळ सैन्य आत घातलं आणि राष्ट्रसंघाने ग्रीसला ४५ हजार पौंडांची भरपाई लावली, १९२६ मध्ये नोटा पुन्हा एकदा कापायला लावल्या, आणि बायकांच्या स्कर्टची लांबी किती असावी याचे हुकूम काढले. ऑगस्टमध्ये जनरल कोंडिलिसने त्याला उठावानेच घालवलं. एवढंच लक्षात घ्या की गुडीच्या खटल्याआधी जी चौकशी समिती होती तिचा प्रमुख हाच पांगालोस.

चांगली वर्षं अजिबात नव्हती असं नाही. १९२८ ते १९३२ वेनिझेलोस परत पंतप्रधान होता, शाळा बांधल्या, पाणथळ जमिनी कोरड्या करून निर्वासितांना शेती दिली, आणि १९३० मध्ये अंकाराला जाऊन मुस्तफा केमालशी मैत्रीचा तह केला. ज्याच्याशी आठ वर्षांपूर्वी लढाई झाली त्याच्याशी! १९३४ मध्ये त्याने केमालचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. मला हा माणूस इथे फार मोठा वाटतो. पण ह्याच करारात निर्वासितांनी तिकडे सोडलेल्या घरादाराचे दावे मिटवून टाकले, चीफच्या आजीच्या आईने म्हणे भिंतीवरचा वेनिझेलोसचा फोटो उतरवून पलंगाखाली ठेवला, फेकला नाही, पण भिंतीवर परत लावला पण नाही. आणि तुर्कांशी समेट करणाऱ्या ह्या माणसाला आपल्याच देशातल्या विरोधकांशी समेट काही करता आला नाही. शिवाय १९२९ चा तो कायदा, ज्याने कम्युनिस्ट विचारांसाठी माणसाला तुरुंगात नि बेटांवर पाठवता यायला लागलं, तो ह्याच सरकारचा, मेटाक्सासला पुढे हत्यार आयतंच मिळालं. १९३२ मध्ये जागतिक मंदीत तंबाखू-मनुकांचा भाव पडला, ड्रॅक्मा घसरला, सरकारने कर्जफेड थांबवली, आणि लोकांचा विश्वास उडाला.

१९३३ च्या मार्चमध्ये राजावाल्यांचा पक्ष निवडणूक जिंकला, त्याच रात्री प्लास्टिरासने निकाल उलथवायला उठाव केला, तो फसला. जूनमध्ये किफिसियाहून अथेन्सला येताना वेनिझेलोसच्या गाडीचा दुसऱ्या गाडीने पाठलाग करून गोळ्या घातल्या, अंगरक्षक मेला, बायको जखमी, आणि चौकशीत खुद्द पोलिसांपैकीच लोक अडकलेले निघाले. १ मार्च १९३५ ला वेनिझेलोसवाल्यांचा मोठा उठाव. नौदलाने आव्हेरोफ नावाची क्रूझर ताब्यात घेऊन क्रीटला नेली. ही बोट मी बघितलीय, फालिरोला म्युझियम म्हणून बांधून ठेवलीय, मी आणि चीफ अख्खी दुपार तिच्यावर होतो, खाली बॉयलर रूममध्ये उतरलो, कोळशाची बोट, त्या भट्ट्यांची तोंडं हाताने चाचपून बघितली. १९१२ मध्ये ह्याच बोटीने एजियन समुद्र ग्रीसला मिळवून दिला, सगळा देश तिला देवासारखा मानायचा, आणि तेवीस वर्षांनी तिच्याच तोफा आपल्या सरकारच्या विरुद्ध फिरल्या. चीफ भट्टीजवळ उभा राहून म्हणाला की खाली कोळसा टाकणाऱ्या पोरांना वर काय चाललंय ते कोणी सांगितलं असेल का. मला ते अजून आठवतं, कारण आम्ही दोघं खालचीच माणसं.

दहा-बारा दिवसांत उठाव मोडला. वेनिझेलोस पळून गेला, त्याला आणि प्लास्टिरासला गैरहजेरीत मृत्युदंड. हजारावर अधिकारी काढून टाकले, काहींचे तर भर गर्दीसमोर बिल्ले उपटले, लोक थुंकत होते. आणि गोळ्या कोणाला घातल्या? तिघांना, त्यातला एक म्हातारा जनरल पापुलास. हा पापुलास एकेकाळी राजावाला, १९२१ मध्ये अनातोलियातला सेनापती, पण १९२२ च्या खटल्यात त्याने त्या सहा जणांच्या विरोधात साक्ष दिली होती. तेरा वर्षं लोकांनी हिशोब ठेवला होता. जूनच्या निवडणुकीवर ह्या वेळी वेनिझेलोसवाल्यांचा बहिष्कार, ऑक्टोबरात सेनाधिकाऱ्यांनी राजावाल्यांच्याच पंतप्रधानाला, त्साल्डारिसला, खाली खेचलं कारण तो राजाला आणायला वेळ लावत होता, आणि नोव्हेंबरात ते ९८ टक्केवालं सार्वमत.

आता तुमच्या चौकटीवर येतो. १९३६ च्या जानेवारीत ३०० जागांची निवडणूक झाली, दोन्ही बाजू १४०च्या थोड्या पुढे अडकल्या आणि कम्युनिस्टांना १५ मिळाल्या. दोन्ही बाजूंनी त्या पंधरांशी चोरून बोलणी केली पण एकमेकांशी सरळ सरकार केलं नाही, कारण अडत होतं एकाच मुद्द्यावर, १९३५ ला काढलेले अधिकारी परत घ्यायचे की नाही. ते परत आले तर आपलं गुडी करतील ही एका बाजूची भीती, आणि नाही आले तर सैन्य कायमचं त्यांचं ही दुसरीची. मार्चमध्ये वेनिझेलोस पॅरिसला वारला, दंगा होईल म्हणून त्याचं शव अथेन्सला आणलंच नाही, परस्पर क्रीटला नेऊन पुरलं. त्याच वर्षी कोंडिलिस, त्साल्डारिस पण गेले. एप्रिलमध्ये काळजीवाहू पंतप्रधान डेमर्झिस अचानक गेला आणि राजाने मेटाक्सासला नेमलं. संसदेत मेटाक्सासच्या पक्षाच्या जागा किती? सात. आणि एप्रिलअखेर त्याच संसदेने त्याला विश्वासमत दिलं, बाजूने २४१, विरोधात १६. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी हात वर केले आणि पाच महिन्यांसाठी संसद बंद करून घरी गेले. एकमेकांना सत्ता द्यायची नाही म्हणून सात जागांच्या माणसाला दिली!

मे महिन्यात थेसालोनिकीत तंबाखू कामगारांचा संप झाला, ९ तारखेला पोलिसांनी गोळ्या घातल्या, बारा माणसं गेली. रस्त्यात पडलेल्या मुलावर काळ्या कपड्यातली आई ओणवी होऊन रडतेय असा एक फोटो आहे, कधीतरी बघा, बघून जेवण जात नाही. ते कामगार मजुरी मागत होते, क्रांती नाही. जुलैच्या शेवटी मात्र वेनिझेलोसवाल्यांचा सोफुलिस आणि राजावाल्यांचा थिओटोकिस (१९२२ ला गोळ्या घातलेला तो वेगळा) ह्यांचं अखेर जुळलं, राजाला जाऊन सांगितलं की आम्ही मिळून सरकार करतो. म्हणजे संसदेतून सरकार निघणारच नव्हतं हे पण खरं नाही. उशीर फार झाला होता एवढंच. मजुरीच्या वादांत सरकारने लादलेल्या सक्तीच्या लवादाविरुद्ध कामगारांनी एका दिवसाचा संप पुकारला तो ५ ऑगस्टला. आणि ४ ऑगस्टच्या रात्री राजाने सही केली, संसद बरखास्त, राज्यघटनेतली कलमं स्थगित. कुठे एक गोळी सुटली नाही. एवढे वर्षानुवर्षं उठाव करणारे लोक, त्या रात्री कोणी घराबाहेर पडलं नाही, कारण उठाव करू शकणारे अर्धे आधीच काढून टाकलेले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटलं आपलाच माणूस आलाय. त्यांच्यातल्या काहींना पण पुढे बेटांवर हद्दपारी भोगावी लागली.

१९४० च्या ऑक्टोबरात इटलीने हल्ला केला तेव्हा ह्या काढून टाकलेल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला लढायला घ्या म्हणून अर्ज केले आणि वरच्या हुद्द्यावरच्या कितीतरी जणांना सरकारने नाहीच घेतलं. त्यातलाच साराफिस, ज्याचे १९३५ ला गर्दीसमोर बिल्ले उपटले होते, पुढे डाव्या प्रतिकार सेनेचा लष्करी प्रमुख झाला. त्याच्या पुढचं यादवी युद्ध हा वेगळा विषय आहे, इथे जागा नाही.

चीफच्या आईवडिलांचं लग्न झालं तेव्हा, युद्ध सगळी संपून दहा वर्षं झाली होती, तरी ते मनुकावाले आजोबा चर्चमध्ये आले नाहीत, निर्वासिताची पोरगी, वेनिझेलोसवाल्यांची. नातू झाल्यावर आले. तो नातू मोठा होऊन बोटीवर निघाला तेव्हा आजोबा खूप थकले होते, त्यांनी ट्रंक उघडून ती अर्धी नोट त्याच्या हातात दिली.

तेव्हा संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच आहे. पूर्ण लेख नको, पुढच्या रविवारी त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच चौकटीत दुरुस्ती छापा. संप ५ तारखेचा होता आणि हुकूमशाही ४ ला आली, आणि मेटाक्सासला पंतप्रधान म्हणून २४१ मतं निवडून आलेल्या खासदारांनी दिली होती. जागा उरली तर २८ नोव्हेंबर १९२२ ही तारीख पण टाका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, रत्नागिरी